कोनच्या पेट्या, कोणाच्या माश्या

मधाचा धंदा सुरू करताना सगळ्यांनी आम्हाला एकच सांगितलं होतं, की पहिल्या वर्षी मध फार निघणार नाही. बरोबर होतं त्यांचं. पण किस्से किती निघतील, हे एकानेही सांगितलं नव्हतं! माझी बायको वैशाली म्हणते, "तुमचा मध बाटलीत मावतो, पण तुमच्या गोष्टी घरात मावत नाहीत." पाहुण्याने नुसतं "काय चाललंय सध्या?" असं विचारलं, की ती उठून चहाचं आधण वाढवते. तिला माहीत असतं, हा माणूस आता तासभर हलत नाही.

तर आधी माणसं सांगतो.

मी पनवेलला तहसील कचेरीबाहेर बावीस वर्षं टायपिंग केलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी. मग सगळं ऑनलाइन झालं आणि माझं टेबल ऑफलाइन झालं. घर वैशालीच्या शिलाई मशीनवर चालू लागलं. मी दुपारी तिच्या ब्लाउजांना हुक लावत बसायचो. वाईट काम नाही ते. पण गल्लीतले लोक "काय भाऊ, आज सुट्टी?" असं रोज विचारायला लागले, की माणूस आतून बारीक होत जातो.

कोन गावचे नामदेव पाटील, म्हणजे आमचे नामदेवदादा, हे माझं जुनं गिऱ्हाईक. सातबाऱ्याच्या कामाला यायचे. जमीन बरीचशी रस्त्यांमध्ये गेलेली. उरली ती डोंगराच्या अंगाची दीड एकराची वाडी. जांभूळ, करंज, चार आंबे. तेवढी तरी द्या म्हणून एजंट सारखे घरी येऊन बसायचे. दादा एक दिवस मला म्हणाले, "भाऊ, वाडी विकली तर मी सकाली उठून जाऊ कुटं? तुमी रिकामे, माजी वाडी रिकामी. कायतरी करू. एक वरीस बघतो, नाय जमलं तर देऊन टाकतो."

एक वर्ष. एवढाच वेळ होता आमच्याकडे.

*

मधमाश्या पाळायचं सरकारी प्रशिक्षण असतं, ते आम्ही दोघांनी घेतलं. पाच दिवसांचं. शिकवणारे सर अतिशय शांत गृहस्थ. त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, की वास लावून यायचं नाही आणि पेटीजवळ धावपळ करायची नाही. "एक माशी चावली, की त्या वासाने बाकीच्या येतात. म्हणून घाबरायचं नाही. शांतपणे काटा काढायचा आणि शांतपणे बाजूला व्हायचं."

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पेटी उघडायची होती. दादा नवीन शर्ट, इस्त्रीची पँट आणि डोक्याला घसघशीत चमेलीचं तेल लावून आले! मी म्हटलं, "दादा, वास?" तर म्हणाले, "सरकारी कार्यक्रम हाय भाऊ, जरा नीट नको दिसाया?"

पेटी उघडली. सरांनी चौकट उचलून दाखवली. "ही बघा राणी." आम्ही बाराजण वाकलो. आणि बारा डोक्यांतलं एकच डोकं माश्यांनी निवडलं.

पहिली चावली कानाला. दादा हलले नाहीत. दुसरी मानेला. दादांचा चेहरा लाल, पण हलले नाहीत. सर कौतुकाने म्हणाले, "बघा, पाटलांकडून शिका. शांत!" तेवढ्यात तिसरी बसली नाकाच्या शेंड्यावर.

दादांनी हात जोडले आणि म्हणाले, "सर, मी शांतपने पलतो!"

आणि असे पळाले, की सापडले ते थेट कँटीनच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. सर्टिफिकेटवरच्या फोटोत त्यांचं नाक एका बाजूला गेलेलं आहे. ते त्यांनी फ्रेम करून लावलंय.

*

पेट्या बनवायचं काम रफीकभाईंकडे दिलं. पनवेलच्या बाजारामागे त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. हात असा, की त्यांनी केलेला पाट उलटा करून बघावा. त्यांना आम्ही सरकारी पेटीचं माप दिलं आणि इथेच चूक झाली. माप दिलं, पण "बाकी काही करू नका" हे सांगितलं नाही.

आठ दिवसांनी दोन पेट्या तयार. मी बघतच राहिलो. शिसवी रंगाचं चकचकीत पॉलिश, कडेला वेलबुट्टी, आणि माश्यांच्या दाराला छोटीशी कमान! रफीकभाई म्हणाले, "राणी रहनेवाली है ना अंदर? मग पॅलेस नको?"

प्रशिक्षणाच्या सरांकडून आणलेली राणी पॅलेसमध्ये एक दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सगळा लवाजमा घेऊन निघून गेली. पॉलिशचा वास! दुसऱ्या पेटीचं तेच. रफीकभाईंना ते फार लागलं. चाळीस वर्षांत कोणी त्यांचं फर्निचर नाकारलं नव्हतं. "मोठमोठ्या लोकांच्या बंगल्यात मेरा काम है," ते म्हणाले, "आणि ही एवढीशी माशी मला फेल करते?"

मग त्यांनी रागारागाने उरलेल्या फळ्यांची एक साधी पेटी ठोकली. पॉलिश नाही, रंधा पण धड मारलेला नाही. आम्ही सांगितलं म्हणून तिला आतून थोडं जुनं मेण चोळलं आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली टाकून दिली.

पंधरा दिवसांनी सकाळी त्यांचा फोन. आवाज चढलेला. मला इकडून एवढंच ऐकू आलं, "भाऊ, माशाअल्ला! माशाअल्ला!"

रफीकभाईंना चांगल्या गोष्टीला माशाअल्ला म्हणायची सवय आहे. मी म्हटलं, "हो हो रफीकभाई, पेट्या खरंच सुंदर झाल्या होत्या. मनाला लावून घेऊ नका."

"अरे माशाअल्ला नहीं!" ते ओरडले. "माशा आल्या! सच्ची में माशा आल्या! स्वतःहून आल्या!"

*

वाडीला माश्या भरलेल्या पेट्या आणायच्या होत्या. कर्जतच्या बाजूला एक जण विकत होते. माश्यांची वाहतूक ऊन चढायच्या आत करायची असते, म्हणून आम्ही पहाटे निघालो. दादांच्या ओळखीची सात सीटची गाडी. मागच्या सीटा पाडून पाच पेट्या ठेवल्या. पेट्यांच्या दारांना जाळ्या ठोकलेल्या, वरून ओली गोणपाटं.

गाव जवळ आलं, पण गप्पांच्या नादात गाडीवाल्याने वळण चुकवलं आणि आम्ही थेट कळंबोली सर्कलला निघालो. तिथे नाकाबंदी! हवालदार साहेबांनी टॉर्च मारला. मागे गोणपाटाखाली पाच खोकी, आणि गाडीत तीन माणसं घाम पुसत बसलेली. थंडीचे दिवस होते, तरी घाम.

"काय आहे पेटीत?"

"माश्या, साहेब," मी म्हटलं.

"सुक्या की ओल्या?"

आता पनवेल-उरणच्या रस्त्यावर हा प्रश्न चुकीचा नाही. दादा म्हणाले, "जित्या."

"जिवंत मासळी? पाणी कुठाय मग?"

"मासली नाय साहेब. माशी. मधमाशी."

साहेबांचा विश्वास बसेना. "उघडा."

दादा खाली उतरले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "उघडतो साहेब. पन आदी तुमी आमच्या गाडीत बसून काचा लावून घ्या. आमी भायेर थांबतो."

साहेबांनी टॉर्च बंद केला. मग गाडीत वाकले आणि एका पेटीला कान लावला. आतून तो गंभीर आवाज येत होता. एखादं मोठं यंत्र लांब कुठेतरी चालू असावं तसा. साहेबांनी कान काढला.

"किती आहेत?"

"एकेका पेटीत असतील दहा-पंधरा हजार," मी म्हटलं.

त्यांनी गाडीकडे बघितलं, पेट्या मोजल्या, आणि वही खिशात ठेवली. "सात सीटचं परमिट, आणि पन्नास हजार पॅसेंजर?" ते म्हणाले. "जा! माझ्याकडे एवढी पावतीबुकं नाहीत."

*

सुमनवहिनी म्हणजे दादांची बायको. त्यांचा या धंद्याला सुरुवातीपासून विरोध. "घरात माश्या कमी होत्या म्हनून इकत आनल्या!" हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. पेट्यांकडे फिरकणार नाही म्हणून शपथच घेतली होती.

मग एकदा माशी चावल्यामुळे दादांचा डोळा बंद झाला आणि मी तापाने पनवेलला पडलो. नेमक्या तेव्हाच वाडीत मुंग्या लागल्या. पेटी ज्या लाकडी घोडीवर असते तिचे पाय, मुंग्या चढू नयेत म्हणून, पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवतात, त्या वाट्या सुकल्या होत्या. दादा एका डोळ्याने धडपडत निघाले, तर वहिनींनी त्यांना खाटेवर बसवलं. "तुमी दुसरा डोला पन घालवाल."

दोन दिवसांनी मी वाडीत गेलो तर बघतो काय! वहिनी पेटी उघडून बसल्यात. जाळीचा बुरखा नाही, हातमोजे नाहीत, साडीचा पदर खोचलेला. हात इतका सावकाश चाललेला, की माश्या बोटांवरून चालत जातायत आणि पुन्हा पोळ्यावर उतरतायत. पाच दिवस प्रशिक्षण घेतलेला मी, दहा फुटांवर जाळी घालून उभा!

"वहिनी, चावत नाहीत?"

"तांदलाची भाकरी हातानं उलटतो आमी, तव्यावर," वहिनी म्हणाल्या. "तुमी चिमटा शोधत बसता. ह्याला बी तसाच हात लागतो."

त्या दिवसापासून पेट्या वहिनींच्या झाल्या. आम्ही दोघं हमाल. काम करताना त्या माश्यांशी बोलतात, अगदी शेजारणीशी बोलावं तसं. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून रुसली. एकदा मी मागून येत होतो, त्यांना कळलं नव्हतं. वहिनी पेटीत तोंड घालून सांगत होत्या, "आनि तो टायपिंगवाला भाऊ येतो ना, तो मानूस वाईट नाय. त्याच्या बोटांना टकटक करायची सवय हाय, बायांनो. त्याला सांबालून घ्या."

*

पावसाळा हा वाईट काळ. फुलं नाहीत, माश्या बाहेर पडू शकत नाहीत. त्यांना साखरेचा पाक करून द्यावा लागतो. तोवर आमच्या पेट्या वाढून आठ झाल्या होत्या, त्यांतल्या तीन तेव्हा रिकाम्या झाल्या. सकाळी झाकण उघडावं, तर आत नुसतं काळं पडलेलं पोळं. दादा त्या तिसऱ्या रिकाम्या पेटीसमोर छत्री धरून कितीतरी वेळ उभे होते. त्याच आठवड्यात एक एजंट येऊन चहा पिऊन गेला होता. दादा त्याला "नाय" म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. ते मला जास्त टोचलं.

उरलेल्या पाच पेट्या जगवायच्याच म्हणून वहिनी गावच्या दुकानातून साखर आणू लागल्या. आज पाच किलो, परवा पाच किलो. वर दादांच्या वाडीतल्या झोपडीतून रोज संध्याकाळी धूर! गावात कुजबुज सुरू झाली. नामदेव हातभट्टी लावतो.

आम्हाला याचा पत्ताच नाही. एक दिवस भर पावसात गावातले तात्या आले. वय सत्तरच्या पुढे, मान डुलणारी. इकडे तिकडे बघत त्यांनी सदऱ्याखालून रिकामी बाटली काढली. "सुमन, मी कोनाला बोलनार नाय. पयल्या धारेची थोडी दे."

वहिनींना आधी कळेना. मग कळलं. पातेल्यातला कोमट पाक त्यांनी ग्लासभर तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी डोळे मिटून एका दमात घशात ओतला. पाच मिनिटं थांबले. भिंतीला टेकून परिणामाची वाट बघितली.

"सुमन," शेवटी म्हणाले, "चव झ्याक हाय. पन तुजी दारू चढत नाय. तू ह्या धंद्यात बुडशील!"

*

पाचही पेट्या जगल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळाचा मध निघाला. काळसर, किंचित कडवट, आणि वास असा, की बाटलीचं झाकण उघडलं तर शेजारचा विचारतो. तो घेऊन मी आणि दादा नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये फिरलो. मध विकणं हे माश्या पाळण्यापेक्षा अवघड आहे, हे तिथे कळलं. पनवेलमध्ये प्रत्येक माणूस मधतज्ज्ञ आहे! कोणी पाण्यात थेंब टाकतो, कोणी काडीला लावून पेटवतो.

एका सोसायटीत एक निवृत्त काका भेटले. त्यांनी आमच्या बाटलीकडे एसीपी साहेबांसारखं बघितलं. "खरा मध कुत्रा खात नाही," ते म्हणाले. "मोती!"

मोती आला. काकांनी बशीत चमचाभर मध ओतला. मोतीने हुंगला आणि क्षणात बशी चाटून पुसून लख्ख. मग दादांच्या पायाशी बसून बाटलीकडे बघत शेपटी हलवू लागला.

"बघा!" काका विजयाने म्हणाले. "भेसळ!"

मी पडेल चेहऱ्याने पिशवी आवरायला लागलो. वर्षभराची मेहनत एका कुत्र्याने चाटून टाकली होती. दादा मात्र शांत. ते म्हणाले, "काका, एक इचारू? खरा मध खायचा नाय, हे मोतीला कोनी सांगितलंय का?"

काकांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्या आतून पिशवी घेऊन आल्या. "तीन बाटल्या द्या," म्हणाल्या. "आमच्या मोतीने यांच्या हातचं आजवर काही चाटलं नव्हतं."

*

आगऱ्यांची हळद ज्यांनी बघितली नसेल, त्यांना डीजे म्हणजे काय हे कळायचं नाही. खिडक्यांच्या काचाच काय, पोटातलं जेवणसुद्धा हलतं. मे महिन्यात दादांच्या वाडीला लागूनच एक मांडव पडला. दादा नवरीच्या बापाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "पेट्यांच्या बाजूचे स्पीकर जरा तिकडं फिरवा."

सगळा मांडव हसला. "नामदेव, माश्यांना पन नाचव की!"

दुपारी चारला डीजे सुरू झाला. त्या मांडवात एका कोपऱ्यात ठमाबाय बसल्या होत्या. त्या धवलारीण, म्हणजे लग्नात पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या. त्यांना रीत म्हणून बोलावतात. त्यांचे ओठ हलत होते, पण शेजारच्या बाईलाही ऐकू जात नव्हतं.

मे महिन्यात फुलं संपलेली असतात. माश्या गोडाच्या शोधात. आणि डीजेवाल्याने आंब्याच्या सरबताचा मोठा ग्लास मशीनवर ठेवलेला! आधी एक आली. मग पाच. मग पन्नास. डीजेवाल्याने टोपीने हाकललं आणि ग्लास आडवा झाला. सरबत सगळ्या बटणांवर पसरलं. आता माश्यांची पंगतच बसली. तो माणूस वायर ओढून जो पळाला, तो टेम्पोत जाऊन बसला आणि काच खाली करायला तयार होईना.

एकदम शांत. इतकं शांत, की एक्स्प्रेस वेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून ठमाबायचा आवाज आला. त्या थांबल्याच नव्हत्या. बारीक, थरथरता, पण सुरात. दोन म्हाताऱ्या त्यांच्या मागे गाऊ लागल्या, मग सगळ्या बायका. नवरी मान खाली घालून बसली होती, ती रडायला लागली, आणि तिच्या बापाने तोंड फिरवून टॉवेलने डोळे पुसले.

दादा धुराचं यंत्र घेऊन माश्या हटवायला निघाले, तर नवरीच्या बापानेच त्यांना हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे जरा."

गाणं संपल्यावर ठमाबायनी दादांना खूण करून बोलावलं. आम्हाला वाटलं, ओरडणार. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नामदेव, माज्या नातीची हलद येत्या मंगलवारी हाय. चार माश्या तिकडं पन पाठव!"

*

धंदा आता बरा चाललाय. घर सगळं त्यावर चालतं असं नाही. पण वैशालीने मशीनला दुपारची सुट्टी दिलीय, आणि दादांकडे एजंट आला की वहिनीच त्याला पेट्या दाखवायला नेतात. परत येत नाही तो. रफीकभाई पेट्या करून विकतात, बिनपॉलिशच्या.

आता हा शेवटचा.

वहिनींच्या घराला लागून त्यांच्या जावेचं घर आहे. हिराबाय. दोघी एकाच गावच्या, लहानपणच्या मैत्रिणी, एकाच मांडवात दोन भावांशी लग्नं झालेली. आणि अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द नाही. मधे फक्त एक कुडाची भिंत. भांडण कशावरून झालं असं मी एकदा वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "ती बोलंल तेव्हा सांगीन." हिराबायना विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या.

गेल्या महिन्यात भर दुपारी चार नंबरच्या पेटीतल्या माश्या उठल्या. पेटी भरली की अर्ध्या माश्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघतात, तशा. दादा कामाला उरणला गेलेले. मी आणि वहिनी एक रिकामी पेटी घेऊन तो ढग बघत मागे धावतोय. ढग कुंपण ओलांडून गेला तो सरळ हिराबायच्या ओटीवर. तिथे झोपाळ्याच्या कडीला घोस लटकला, कलिंगडाएवढा. आणि खाली झोपाळ्यावर हिराबाय! तांदूळ निवडत बसलेल्या. उठायची सोय नाही. उठल्या असत्या तर झोपाळा हलला असता, आणि घोस थेट डोक्यावर!

वहिनी पायरीशी थांबल्या. हिराबाय वर न बघता मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांना सांगा, आपल्या माश्या घेऊन जावा."

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, त्यांना सांगा, बोलावल्याबिगर मी कोनाच्या वटीवर चडत नाय."

दोघींमध्ये चार हात अंतर. मी मधे.

"भाऊ, त्यांना सांगा, वटीला कोनी कुलूप घातलं नाय."

वहिनी चढल्या. अकरा वर्षांनी. रिकामी पेटी त्यांनी घोसाखाली धरली. "भाऊ, त्यांना सांगा, झोपाला हलवू नका."

"भाऊ, त्यांना सांगा, मी नाय हलवत. माजे पाय कापतात."

मी काहीच सांगत नव्हतो. माझे डोळे त्या घोसावर.

वहिनींनी कडीला हलकेच बोट लावलं. घोस सुटला. निम्मा पेटीत, आणि निम्मा हिराबायच्या अंबाड्यावर, खांद्यावर, कानामागे! तांदळाचं सूप खाली पडलं. हिराबायचा हात झटक्यात वर गेला.

"हिरे, हात खाली!" वहिनी ओरडल्या. "हलू नको! मी हाय ना!"

हात तिथेच थांबला. मग सावकाश खाली आला.

वहिनींनी पेटी माझ्या हातात दिली. पदर खोचला. उघड्या ओंजळीने हिराबायच्या केसांतल्या माश्या उचलून त्या पेटीत सोडू लागल्या. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, मग कानामागची एकेक. हिराबायनी डोळे घट्ट मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलेलं, पण पुसायला हात उचलला नाही. ओटीवर माश्यांचा तेवढा आवाज.

शेवटची ओंजळ निघाली. हिराबाय अजून तशाच. डोळे मिटलेले, मान ताठ, ओठ जेमतेम हलले.

"पयली तू बोललीस हां, सुमे!"